खिळ्यावरचं सूप

माझी बायको डाळीच्या मिलमध्ये कामाला होती. जळगावला, एमआयडीसीत. तूर, हरभरा, उडीद, जी डाळ येईल ती निवडायची. खडे काढायचे, काळे दाणे काढायचे, सुपात घेऊन पाखडायची. एकोणीस वर्षं. गेल्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला कामावरून काढलं आणि यंदाच्या माघात ती गेली. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण तिचं जे झालं ते मिलमधल्या बाया अजून चुकीचं सांगतात, म्हणून लिहितो.

मी यावलकडचा. तरुणपणी केळीच्या बागेत सालदार होतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. त्याचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि आखाजीला संपतं. त्या दिवशी मालक हिशोब करतो आणि विचारतो, राहतो का जातो? राहतो म्हटलं की पुढचं साल. जातो म्हटलं की राम राम. आम्ही त्यातच वाढलो. पुढे जळगावात येऊन मी मार्केट यार्डात हमाली केली, पण डोक्यातलं वर्ष तेच राहिलं. म्हणून मिलवाला आखाजीच्या आधी बायांचा हिशोब करायचा, अंगठा घ्यायचा, नारळ आणि किलोभर डाळ द्यायचा, त्यात आम्हाला कधी काही वाकडं दिसलं नाही. आखाजीला लेकीबाळी माहेरी जातातच. मिल आठवडाभर बंद. बाया माहेरी जायच्या, झोके खेळून, गाणी म्हणून यायच्या आणि परत आपल्या जागेवर बसायच्या. ज्या कागदावर अंगठा द्यायच्या त्यावर काय लिहिलंय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता सुपाचं सांगतो. मिलची सूपं हलकी, दोन महिन्यांत त्यांच्या काड्या निघायच्या. म्हणून बाया आपापलं सूप बुरडाकडून घेऊन यायच्या. हिचं सूप मोठं, कडेला जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी शिवलेली. कागद आणि मेथीचा लगदा लावून तिनं ते असं घट्ट केलं होतं की वाजवलं तर डफासारखं वाजे. काम संपलं की प्रत्येकीचं सूप भिंतीवर आपल्या खिळ्याला. आणि बायांमध्ये एक रीत होती. काम सोडायचं असलं की बाई सूप घरी घेऊन जायची. कोणाला काही सांगायची गरज नाही. खिळा रिकामा दिसला की सगळ्या समजायच्या, ही गेली. बाळंतपणाला गेलेली बाई सूप ठेवून जायची. तिच्या खिळ्याला कोणी हात लावत नसे.

मागच्या वर्षी आखाजीच्या आधी मुकादम सगळ्यांना म्हणाला, "बायांनो, यंदा आपापली सूपं घरी न्या. भिंतींना रंग द्यायचाय."

बाया घेऊन गेल्या. ही नाही गेली घेऊन. यात काही हुशारी नव्हती. हिचं माहेर धुळ्याच्या पलीकडे, साक्रीकडे. मिलमधून सुटून ती थेट स्टँडवर जाणार होती. हातात पिशवी, नारळ, डाळ, वर एवढं मोठं सूप घेऊन आखाजीच्या गर्दीत कोण एसटीत चढेल? ती मुकादमाला म्हणाली, "उडू दे रंगाचे दोन थेंब. मन्हं सूप काय नवरी शे?"

परत आल्यावर गेटवरच मुकादम उभा. आत नवीन मशीन बसलेलं. डाळ वरून सोडायची, ते मशीन दाण्याचा रंग ओळखून काळा दाणा फुंकून बाजूला टाकतं. सॉर्टेक्स म्हणतात. मुकादम म्हणाला, "काम नाही आता. शेठनं सांगितलंय, तुमचा हिशोब तर आखाजीलाच झाला."

बाया रडल्या, शिव्या दिल्या, आणि मग त्यांनीच आपापसांत एक गोष्ट ठरवून टाकली. सूप आपण घरी आणलं. म्हणजे आपणच काम सोडलं. आता कोणत्या तोंडानं भांडायचं? शेठ फसवून गेला हे त्यांना कळत होतं. पण रीत ती रीत. खिळा रिकामा केला, बोलायचा हक्क गेला. मालकाला कायदा माहीत होता का नाही मला ठाऊक नाही. पण त्याला बाया चांगल्या माहीत होत्या.

ही तेवढी अडून बसली. घरी येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "मन्हं सूप तठे टांगेल शे. मी काम सोडं नही. त्यासनी माले काढं."

मी म्हटलं, "तुझं सूप तिकडे पगार घेईल का?"

"तुम्ही हमाली करा," ती म्हणाली. "डोकं मीच वापरसू."

ती साक्रीची, अहिराणी बोलायची. मी यावलकडचा, माझी बोली वेगळी. चाळीस वर्षं एकमेकांच्या बोलीला हसलो. भांडताना ती अहिराणीच बोलायची, कारण त्यात तिचा तोल जात नसे.

दोनेक आठवड्यांनी मुकादम मोटरसायकलवर घरी आला. मागं दोरीनं बांधलेलं सूप. ओट्यावर ठेवलं आणि खिशातून कागद काढला. पोरगा वाईट नव्हता. शेठनं पाठवलं म्हणून आला होता.

"अक्का, तुझं सूप आणलंय. आणि इथं अंगठा दे. थोडे पैसे देतोय शेठ, वरून खुशीचे."

"कागदवर काय लिखेल शे?"

"काही नाही गं. तू आपल्या मर्जीनं काम सोडलं, असं."

तिनं सुपाकडे पाहिलं. मुकादमाकडे पाहिलं. "जठून आणं तठे नेई टांग," ती म्हणाली.

"अक्का, मी हे घेऊन पुन्हा एवढा फेरा मारू? लोक हसतील मला."

"हसू दे. तू सूप घेईसन फिरस, मी काम घेईसन फिरस. दोन्ही सारखाच."

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. "आबा, तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं, "बाबा, मला घरात राहायचंय." तो हसला, पण सूप मात्र परत बांधून घेऊन गेला. गल्लीतली पोरं त्याच्या मागं पळाली.

आमची शेजारीण, आम्ही तिला आपा म्हणतो, हिच्याबरोबरच मिलला जायची. दोघी पहाटे एका रिक्षात. तिनं कागदावर अंगठा दिला होता. घरात मुलीचं लग्न होतं, हातात पैसा हवा होता. ती ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मैंने तो दे दिया अंगूठा, बहन. सूप भी घर ले आई थी. अब क्या रहा मेरा वहाँ?" हिनं तिला चहा केला. आपा गेल्यावर म्हणाली, "आमना बठ्ठास्ना डोकामा माटी भरेल शे." बठ्ठा म्हणजे सगळे.

आमची लेक धुळ्याला, देवपूरमध्ये दिलेली आहे. तिचा सासरा, म्हणजे आमचा याही, धुळ्याच्या कापड गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्यानं बरीच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्याला यातलं सगळं माहीत. पण लेकीच्या सासरी आपलं रडगाणं न्यायचं नाही, हे आमच्याकडे पक्कं. ही तर लेकीकडे जेवतही नव्हती, चहा घेऊन निघायची. म्हणून आम्ही उन्हाळाभर गप्प राहिलो. लेकीला सांगितलं, आईला सुट्टी दिलीय. शेवटी लेकीलाच आपाच्या मुलीकडून फोनवर कळलं. तिनं सासऱ्याला सांगितलं आणि सासऱ्यानं आम्हाला बोलावलं.

पांझरेच्या पुलावरून रिक्षा गेली तेव्हा ही पदर नीट करत होती. मला म्हणाली, तुम्हीच बोला. पण याहीनं तिला बोलू दिल्याशिवाय सोडलं नाही. त्या दोघांची थट्टा लग्नाच्या मांडवापासूनची.

"काय याहीन, आमले लगीनमा डाळमा खडा खावाड्यात. तव्हयच समजनं व्हतं का एक दिन मिलवाला काढी टाकी."

"खडा नही, याही. तुमना दातच पडेल व्हतात."

मग तो गंभीर झाला. त्यानं आम्हाला जे सांगितलं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं तसं लिहितो. काम कमी झालं, मशीन आलं, म्हणून माणूस काढता येतो. मालकाला तेवढी मोकळीक आहे. पण ज्यानं वर्षभर काम केलं त्याला महिन्याची आगाऊ नोटीस द्यावी लागते, नाहीतर त्या महिन्याचा पगार. वरून जेवढी वर्षं काम केलं त्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी, ती तर पाच वर्षं भरली की काढलं तरी मिळते, सोडलं तरी मिळते. शेवटी लागलेल्याला आधी काढायचं. आणि पुन्हा माणसं घ्यायची झाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं.

"पण आपण मर्जीनं सोडलं असं लिहून दिलं," तो म्हणाला, "की नोटीस गेली आणि ते पंधरा दिवसही गेले. म्हणून तो त्या अंगठ्यामागे लागलाय. आखाजीची सुट्टी म्हणजे काम सोडणं नव्हे. दर वर्षी त्याच जागी, त्याच मालकाकडे परत बसलात ना? मग ती एकच नोकरी."

ही म्हणाली, "मन्हं सूप तठेच शे. म्हणीसन."

"सूपनं काय?" याही म्हणाला. "सूप घर लई गयात तरी हक्क जास नही. कायदामा सूप नही, याहीन."

मला वाटलं तिला बरं वाटेल. पण तिचा चेहरा पडला. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. पारोळ्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, "म्हणजे त्या बठ्ठ्या उगाच घर बसन्यात."

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर गेली. पावसाची उघडीप होती, ऊन तापायचं, तिला दम लागायचा. डाळीची पूड वर्षानुवर्षं छातीत गेलेली, खोकला तर घरचाच झाला होता. तरी गेली. म्हणायची, सूप आणलं म्हणून काही जात नाही गं, चला कामगार ऑफिसला. काही बाया दारातूनच म्हणाल्या, तुझं सूप आत आहे, तुला बोलायला काय जातं. काहींनी अंगठे देऊन टाकले होते. आपा आली. पण अंगठा दिल्यावर आता किती मिळेल ते सांगता येत नाही, तिची केस वेगळी चालेल, असं ऑफिसात कळलं. एकूण पाच-सहा जणी निघाल्या. त्यात ही पुढे.

कामगार ऑफिसमधली बाई आमच्या लेकीच्या वयाची. अर्ज लिहून घेतला. मिलचा वकील म्हणाला की या बाया दर वर्षी हिशोब घेऊन काम सोडून जात होत्या, नंतर नव्यानं यायच्या. कोणाचंही सलग वर्ष झालेलं नाही.

मॅडमनं हिला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे, आजी?"

तिनं सुपाचं सांगितलं. रीत सांगितली. कोण काम सोडताना काय करतं, बाळंतपणाला जाताना काय करतं, हे सगळं. वकील हसला. मॅडम हसली नाही. ती म्हणाली, "सुपावर मला निर्णय देता येणार नाही. हजेरीपट मालकानं दाखवायचाय. पण तुम्ही काय म्हणता ते मला समजलं." आणि वकिलाला म्हणाली, मागच्या सगळ्या वर्षांचे हजेरीपट आणा.

हजेरीपट काही आले नाहीत. एका तारखेला वकील नाही, एका तारखेला शेठ बाहेरगावी. आम्ही सकाळी जायचो, बाकावर बसायचो, ती पदरात शेंगदाणे घेऊन यायची, मग पुढची तारीख. ती कधी चिडली नाही. मिलमध्ये डाळीचा ढीग समोर घेऊन बसायची तशीच बसायची. मला मात्र राग यायचा. एकदा मी वकिलाला वऱ्हांड्यात अडवून बोललो, तुझ्या आईनं डाळ निवडली असती तर तू हसला असतास का? तिनंच माझा हात धरून मला बाहेर आणलं.

थंडी पडली तशी तिनं अंथरूण धरलं. सिव्हिलमध्ये नेलं. नाकाला नळी लावली. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेला आणि फुप्फुसाचं काही सांगितलं. मला एवढंच समजलं की उशीर झाला. लेक देवपूरहून आली. याहीपण आला, पलंगाजवळ उभा राहून काहीतरी थट्टा करायला गेला आणि त्याचं त्यालाच जमलं नाही.

ती मला म्हणाली, "तारीख कव्हय शे?"

"परवा," मी म्हटलं.

"जाज्यात. नही गयात तर म्हणतीन, या बी सोडी गयात."

त्या तारखेला मी गेलो नाही. त्या दिवशी आम्ही तिला नेरी नाक्याच्या स्मशानात घेऊन गेलो.

दहावं-तेरावं झालं. मला वाटलं, आता संपलं हे सगळं. पण ऑफिसातून निरोप आला की बाई गेल्या तरी त्यांचं देणं जात नाही, वारस म्हणून तुम्ही या. मी कोपरी घालून गेलो. तिच्या जागेवर, त्याच बाकावर, मी एकटा. शेजारी आपा येऊन बसली. तिनं पदरातून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

वकील या वेळी फार गोड होता. म्हणाला, "बाबा, झालं ते वाईट झालं. शेठ मोठ्या मनाचे आहेत. तुमचा जेवढा हिशोब निघतो त्याहून जास्त देतो. आजच देतो. फक्त एक लिहायचं, आजारपणामुळे त्यांनी स्वतः काम सोडलं. आता त्या नाहीतच. त्यांना काय फरक पडतो?"

मी खोटं बोलत नाही, पैसा मला हवा होता. दवाखान्याची उधारी होती. माझ्यानं आता पोतं उचलवत नाही. आणि तो म्हणतो ते खरं होतं, ती नव्हतीच. कोणाला फरक पडणार होता?

मी मॅडमला विचारलं, "मी असं लिहून दिलं तर या बाकीच्या बायांचं काय?"

मॅडम म्हणाल्या, "त्यांचं त्यांचं वेगळं आहे. पण वकील म्हणतील की पहिल्या बाईनं स्वतः काम सोडलं होतं."

मी म्हटलं, "मग नाही. तिला काढलं. काढलं असंच लिहा. कमी मिळालं तरी चालेल."

वकील म्हणाला, "बाबा, विचार करा."

"विचार तीच करायची," मी म्हटलं. "मी हमाली करायचो. तिनं जेवढा विचार केला तेवढाच माझ्याजवळ आहे."

आणखी दोन तारखा गेल्या. हजेरीपट आणायची वेळ आली तेव्हा शेठनं तडजोड केली. आम्हा सगळ्यांशी. आपाशीपण, थोडी कमी. हिचं सूप आत राहिलं म्हणून जमलं, असं बाया अजून सांगतात, पण सूप घरी नेलेल्यांनाही मिळालंच. मॅडमनी कागद पुढे केला. मी म्हटलं, मला वाचून दाखवा. त्यांनी वाचला. मी म्हटलं, ती ओळ पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचली. मशीन बसवल्यामुळे सदर कामगारास कामावरून कमी करण्यात आले, एकोणीस वर्षांची सेवा धरून. मी सही केली. सही येते मला. तिला येत नव्हती.

चेक घ्यायला मिलमध्ये जावं लागलं. एकोणीस वर्षांत तिची रिक्षा चुकली की गेटपर्यंत सोडायचो, आत कधी गेलो नव्हतो. बाया बसायच्या ती शेड रिकामी. कोपऱ्यात मशीन चालू होतं, डाळ सळसळत खाली येत होती, एक पोरगा मोबाईल बघत उभा. भिंतीला खरंच रंग दिलेला होता, निळा. रिकाम्या खिळ्यांची रांग. आणि शेवटच्या खिळ्याला हिरव्या पट्टीचं सूप.

मुकादमानं ते काढून माझ्या हातात दिलं. त्याच्या मागं भिंतीवर सुपाच्या आकाराचा जुना पिवळा रंग तसाच राहिला होता. रंगारी सूप न हलवता त्याच्या कडेकडेनं रंगवून गेले होते.

"रंगाऱ्यांनी काढलंच नाही, आबा," मुकादम म्हणाला. "त्या दिवशी मी परत आणलं ते बरोबर तिथंच बसलं." आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

मी सूप घेतलं. आता न्यायला हरकत नव्हती. आता तिनं काम सोडलं होतं.

रस्त्यानं चालत आलो. अजिंठा चौफुलीवर एका बाईनं विचारलं, "बाबा, सूप केवढ्याला?" मी म्हटलं, विकायचं नाही. कामावरून आणलं. ती बघत राहिली. म्हातारा माणूस कोणत्या कामावरून सूप आणतो, असं तिला वाटलं असेल.

काल आखाजी झाली. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. वर आंबा ठेवतात, डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, गोड सांजोरीचा नैवेद्य. तिच्या नावाची ही पहिलीच घागर. लेक माहेरी आली होती. माहेरी म्हणजे माझ्याकडे, आई नसलेल्या घरी. सांजोरीसाठी गहू घेऊन ती ओट्यावर बसली आणि तिनं ते सूप काढलं. आईसारखंच पाखडते. डोळे मिटले तर फरक कळत नाही. आपा शेजारी बसून खडे काढत होती.

पाखडून झाल्यावर लेक सूप हातात घेऊन घरभर फिरली. या भिंतीकडे, त्या भिंतीकडे.

"बाबा," ती म्हणाली, "हे टांगू कुठे? घरात एकपण खिळा नाही."

घरात खिळा कधी नव्हताच. मी उठलो आणि हातोडी शोधायला लागलो.